सुंगटां खंयसून येतली?

शिरोडा म्हटलं की बहुतेकांना तीन गोष्टी आठवतात. एक म्हणजे वि. स. खांडेकर. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं ते इथल्या शाळेत मास्तर होते. दुसरी, १९३० चा मिठाचा सत्याग्रह. आणि ज्यांचा वाचनाशी फारसा संबंध नाही त्यांना वेळागरचा किनारा आणि तिथलं मासे-भाताचं ताट. चौथी गोष्ट सहसा कुणाला आठवत नाही. ती म्हणजे मिठागरांच्या आणि खाजणांच्या तोंडाशी बसवलेलं लाकडी दार. आमच्याकडे आणि खाली गोव्यात त्याला मानस म्हणतात, वर रायगडात उघाडी. या विकांताचा लेख या दाराबद्दल आहे. आणि त्यातून भरतीबरोबर आत येणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पाहुण्यांबद्दलही.

माझं आजोळ शिरोड्याचं. कॉलेजात असताना मी एकदा मामाला विचारलं होतं की खाजणात कोळंबीचं बी कुणी सोडत नाही, मग दरवर्षी एवढी कोळंबी येते कुठून? त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी नंतर फक्त क्लायंट कॉलवर पाहिली आहे. म्हणाला, "रे, उधाणाचा पाणी भितर घेतल्याशिवाय सुंगटां खंयसून येतली?"

म्हणजे प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर. पण उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. गंमत अशी की हेच उत्तर अंड्यापासून दारापर्यंत सगळे टप्पे दाखवून द्यायला जगभरच्या शास्त्रज्ञांना साधारण शंभर वर्षं लागली. १८६३ ते १९६९ असं म्हणू या. ते कसं, ते सांगतो. पण आधी दार.

शिरोड्याच्या दक्षिणेला रेडी, आणि त्याच्या पुढे तेरेखोलची नदी. बांद्यावरून खाली येणारी ही नदी आरोंद्यापाशी ऐसपैस होते आणि मग तिला नदी म्हणायचं की खाडी हे तिथी आणि महिना बघून ठरवावं लागतं. पावसाळ्यात लाल गढूळ गोडं पाणी, उन्हाळ्यात आत दूरपर्यंत खारं. पलीकडच्या काठावर गोव्याचा पेडणे तालुका. (तेरेखोलचा किल्ला मात्र अलीकडच्या, उत्तरेच्या काठावर असूनही गोव्याचा. इतिहासाने नकाशावर केलेल्या अशा खोड्या मला फार आवडतात.) या खाडीच्या कडेची सखल जमीन म्हणजे खाजण. मुळात ती भरतीच्या पाण्याखाली जाणारी, तिवरांची जमीन. कुणीतरी कधीतरी मातीचा बांध घालून ती खाडीपासून तोडली आणि आत भात लावलं.

नुसता बांध घालून भागत नाही. जून ते सप्टेंबर कोकणात पडणारा पाऊस आतच साचला तर भात कुजणार. म्हणजे पाणी बाहेर जाऊ द्यायचं, पण आत येऊ द्यायचं नाही. आपण इलेक्ट्रॉनिक्सवाले ज्याला डायोड म्हणतो, ते. मानशीची फळी वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली आणि खाडीच्या बाजूने चौकटीवर टेकलेली असते. भरती आली की बाहेरचं पाणी चढतं, फळीला चौकटीवर दाबतं, दार बंद. ओहोटी लागली की आतलं पाणी उंच ठरतं, फळीला बाहेर ढकलतं, दार उघडं. मोटर नाही, माणूस नाही, दिवसातून दोन वेळा चंद्राच्या हुकमावर उघडझाप.

वेळापत्रकही चंद्राचंच. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, आली भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराला. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण खिशात मावणारा याहून छोटा प्रोग्रॅम मी अजून लिहिलेला नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी मलूल.

आता इथे शंका यायला हवी. दार जर भरतीला बंद होतं, तर कोळंबी आत येते कशी? एक तर लाकडी दार कधीच पूर्ण बंद नसतं. फटींमधून पाणी झिरपतं, आणि या पाहुण्यांना फट पुरते. पण मुख्य म्हणजे दार मुद्दाम उघडं ठेवलं जातं. भाताची कापणी झाली की पुढचे काही महिने खाजणात गोडं पाणी राखायची सक्ती नसते. तेव्हा उधाणाला फळी उचलून खाडीचं पाणी आत घेतात. बांधाच्या आत सखल भागात, ओहोळात ते पाणी राहतं. मग ओहोटीला, विशेषतः रात्रीच्या, मानशीच्या तोंडावर पिशवीसारखं जाळं लावून बाहेर जाणारं पाणी गाळून घेतात. जाळ्यात सुंगटं, शेवटे, काळुंद्र, आणि नशीब असेल तर एखादा चणक. केरळात पोक्कळी भाताच्या शेतांत नेमकं हेच चालतं. तिथे रात्री दारावर दिवा टांगतात, उजेडाकडे बारीक जीव ओढले जावेत म्हणून.

ही मानशीवरची मासेमारी कुणाची? हा प्रश्न आजचा वाटतो, पण जुना आहे. गोव्यात गावाची जमीन गावकरीच्या, म्हणजे गावाच्या मूळ कुळांच्या संस्थेच्या ताब्यात असे. पोर्तुगीज आले आणि १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया नावाच्या त्यांच्या महसूल अधिकाऱ्याने या गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, म्हणजे रिवाज त्याच्याही आधीचे. बांध राखणं हे गावकरीचं काम, आणि मानशीवर मासे पकडायच्या हक्काचा लिलाव करून येणारा पैसा गावाचा. ज्या दाराने समुद्र अडवायचा त्याच दाराच्या मासळीतून त्या दाराची दुरुस्ती. माझ्या मते हे या सगळ्या व्यवस्थेतलं सगळ्यात हुशार डिझाइन आहे, बिजागरीपेक्षाही. कारण मासेमारीचा हक्क घेणाऱ्याला दार जास्तीत जास्त उघडं हवं असतं आणि भात करणाऱ्याला बंद. दोघांचा झगडा एकाच संस्थेच्या हिशेबाच्या वहीत मिटत होता. ती संस्था विस्कटली तेव्हा काय झालं ते पुढे येईलच.

मिठागर हे खाजणाचं सख्खं भावंडं. तिथेही बांध, तिथेही दार, फक्त उद्देश उलटा. उधाणाचं पाणी मुद्दाम आत घ्यायचं, एका मोठ्या वाफ्यात साठवायचं, मग एकेका उथळ वाफ्यातून पुढे सरकवत उन्हात आटवायचं. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ असतं. पाणी आटून सुमारे दहावा हिस्सा उरलं की खायच्या मिठाचे खडे धरायला लागतात. पहिल्या, साठवणीच्या वाफ्यात पाणी अजून समुद्रासारखंच असतं, त्यामुळे पाण्याबरोबर आलेले मासे आणि कोळंबी तिथे मजेत वाढतात. पुढच्या वाफ्यांत मात्र त्यांचं काही चालत नाही.

गेल्या दोनशे वर्षांत सरकारने या दाराकडे पाहिलं ते फक्त मिठापुरतं. शिरोडा ब्रिटिश मुलखात होतं, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात. (सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये.) आजूबाजूला सावंतवाडी संस्थान, आणि खाडीपलीकडे पोर्तुगीज. एकाच खाडीच्या पाण्याचं मीठ, पण अलीकडे इंग्रजांचा कर आणि पलीकडे तो नाही. मग चोरटी ने-आण होणारच. त्यावर इंग्रजांनी नामी तोडगा काढला. डिसेंबर १८७८ मध्ये पोर्तुगालशी करार केला आणि गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनाचं नियंत्रणच स्वतःकडे घेतलं. बदल्यात पोर्तुगीजांना दरवर्षी चार लाख रुपये. हा करार १८९२ पर्यंत टिकला. मुरगावची रेल्वे त्याच कराराचं अपत्य आहे, हे मला फार उशिरा कळलं. गोव्यातल्या मिठागरवाल्यांना मात्र या काळात चांगलाच फटका बसला, बरीचशी आगरं बंद पडली.

मग १९३०. मिठावरचा कर तेव्हा मणाला सव्वा रुपया होता. ६ एप्रिलला दांडीला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं आणि मे महिन्यात महाराष्ट्रभरचे सत्याग्रही शिरोड्याला येऊन थडकले. गुजरातेत धारासणा, तसं महाराष्ट्रात शिरोडा. मिठागरात घुसून मीठ उचलायचं, लाठ्या खायच्या, तुरुंगात जायचं. ही जागा का निवडली असेल? मीठ तर अख्ख्या किनाऱ्यावर होतं. पण उचलून नेता येईल असं तयार मीठ ढिगाने पडलेलं असायला मिठागर लागतं, आणि मेचा महिना म्हणजे हंगामाचा शेवट, पावसाच्या आधी ढीग सगळ्यात मोठे. हा माझा तर्क आहे, इतिहासकारांनी रागावू नये.

मला यात जी गोष्ट खटकते ती अशी. मिठाचा इतिहास आपल्याकडे रुपये-आणे-पैसाल्यासह लिहिलेला आहे. करार, कायदे, मणामागे कर, अटका, शिक्षा. त्याच दारातून, त्याच पाण्याबरोबर आत येऊन गावाचं पोट भरणाऱ्या जिवांचा इतिहास कुणाच्या खात्यातच नव्हता. मीठ खात्याला मोजायचं होतं ते मीठ. त्यामुळे तो इतिहास शोधायला आपल्याला थेट ब्राझीलला जावं लागतं. खरंच.

फ्रिट्झ म्युलर नावाचा एक जर्मन माणूस ब्राझीलच्या किनाऱ्यावर जाऊन राहिला होता. डार्विनचं पुस्तक वाचून तो भारावला आणि म्हणाला, आपण याची परीक्षा घेऊ, कवचवाल्या प्राण्यांवर. समुद्राच्या पृष्ठभागावर बारीक जाळं ओढताना त्याला एक सूक्ष्म जीव मिळाला. एक डोळा, पायांच्या तीन जोड्या, कोळंबीशी दिसण्यात काडीचं साम्य नाही. १८६३ मध्ये त्याने जाहीर केलं की हे कोळंबीचं पोर आहे. पुढच्या वर्षी त्याचं छोटं पुस्तक आलं आणि खुद्द डार्विनने १८६९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद करवून घेतला. या अवस्थेला नॉप्लियस म्हणतात. हा शब्द लक्षात नाही ठेवला तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते हे की कोळंबी जन्मतः कोळंबी नसते. मादी समुद्रात लाखांनी अंडी सोडते, ती पाण्यात खाली बसतात, त्यातून हा एकडोळ्या बाहेर पडतो, मग कात टाकत टाकत साधारण दोन-तीन आठवड्यांत सेंटिमीटरभराची, काचेसारखी पारदर्शक कोळंबी होते. या दोन-तीन आठवड्यांत ती पाण्याच्या हवाली असते.

म्युलरचं म्हणणं समुद्रात मिळालेले सुटे सुटे नमुने जोडून बांधलेलं होतं. अंड्यापासून मोठ्या कोळंबीपर्यंतची सलग साखळी माणसाच्या हाताखाली घडायला १९३४ उजाडलं. मोतोसाकू फुजिनागा या जपानी संशोधकाने प्रयोगशाळेत कोळंबीला अंडी घालायला लावली आणि पिल्लं वाढवायचं तंत्र बसवलं. त्याचा सविस्तर प्रबंध १९४२ मध्ये, ऐन युद्धात छापून आला. आज जगातल्या हॉटेलांत जी कोळंबी ताटात येते तिच्यातली निम्मी-अधिक तरी या माणसाची देणेकरी आहे.

दरम्यान आपल्याकडे एन. के. पणिक्कर नावाच्या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये मलबार किनाऱ्यावरच्या कोळंबीच्या धंद्यावर लेख लिहिला, आणि पन्नाशीच्या दशकात एम. कृष्ण मेनन यांनी केरळातल्या भातशेतातल्या कोळंबीचा नीट अभ्यास केला. या अभ्यासांच्या मुळाशी असलेलं कोडं साधं आहे. भातशेतात आणि खाडीत पकडलेल्या या जातीच्या कोळंब्यांच्या पोटात पिकलेली अंडी सापडत नाहीत. म्हणजे ही सगळी पोरं-सोरं. वाढतात इथे, पण जन्म इथला नाही आणि लग्नही इथे होत नाही. दोन्ही समुद्रात. खाडी आणि खाजण म्हणजे बालवाडी. हेच पणिक्कर १९६६ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. शिरोड्यापासून दोना पावला फार लांब नाही.

पण मामाच्या उत्तरातला सगळ्यात अवघड भाग अजून बाकी होता. भरतीबरोबर आत आलेला सेंटिमीटरभर जीव ओहोटीबरोबर परत बाहेर का जात नाही? खाडीच्या तोंडाशी पाणी चांगल्या वेगाने धावतं, त्याच्याविरुद्ध पोहणं या पोरांच्या आवाक्यातलं नाही. जेवढं आत आलं तेवढं बाहेर, हिशेब शून्य. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित.

याचं उत्तर १९६९ मध्ये डी. ए. ह्यूज या संशोधकाने फ्लोरिडातल्या गुलाबी कोळंबीवर प्रयोग करून दिलं. ही पोरं पोहून प्रवाहाशी भांडतच नाहीत. पाणी जास्त खारट व्हायला लागलं, म्हणजे भरती आली, की ती वर पाण्यात येतात आणि प्रवाहावर स्वार होतात. खारटपणा कमी व्हायला लागला, म्हणजे ओहोटी लागली, की तळाशी जाऊन बसतात, जिथे पाणी मंद असतं. पुढच्या भरतीला पुन्हा वर. असं एक पाऊल पुढे, मग थांबा, पुन्हा एक पाऊल. मुंबईत विरार लोकलने रोज जाणाऱ्याला हे तंत्र समजावून सांगायला नको. आणि मोठी झालेली कोळंबी? तिचं उलटं. खारटपणा घटला की ती प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे बाहेर पोहते. म्हणूनच जाळं ओहोटीला लावायचं.

एकदा हे कळलं की मानस ही फक्त शेताची संरक्षक फळी राहत नाही, ती चाळणी होते. कुठल्या तिथीला, भरतीच्या कुठल्या प्रहराला, किती वेळ फळी उचलली यावर आत किती आणि कोण येणार ते ठरतं. म्हणजे काही महिन्यांनी जाळ्यात काय लागणार तेही.

नॉर्वेच्या योहान योर्टने १९१४ मध्ये हीच गोष्ट अख्ख्या समुद्राबद्दल सांगितली होती. त्याआधी मच्छीमारांचा आणि शास्त्रज्ञांचाही समज असा की एखाद्या वर्षी मासे कमी मिळाले म्हणजे ते दुसरीकडे गेले. योर्टने हेरिंग माशांच्या खवल्यांवरची वर्तुळं मोजली, झाडाच्या खोडावरची मोजतात तशी, आणि दाखवलं की १९०४ सालची एकच पिढी पुढची कितीतरी वर्षं जाळी भरत होती. बाकीच्या सालांची पोरं लहानपणीच संपली होती. त्याचं म्हणणं, माशांचं भवितव्य ठरतं ते पहिल्या काही आठवड्यांत, खायला मिळालं का आणि पाण्याने कुठे नेलं यावर. अंडी किती घातली हा मुद्दा दुय्यम.

इथवर सगळं समुद्राकडून येणाऱ्या पाण्याचं झालं. पण कोकणातल्या माणसाला दुसरं पाणी जास्त जवळचं, डोंगराकडून येणारं. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला, ओढे भरले की नदीतले मासे उलटे वर चढतात, वहाळातून, बांधाच्या फटीतून थेट भातशेतात. आमच्याकडे चढणीचे मासे म्हणतात, ठाणे-रायगडात वलगण. रात्री बत्ती घेऊन लोक शेतात उतरतात आणि अंड्यांनी भरलेले मासे टोपल्या भरून आणतात. या माशांना शेतात काय काम? तेच, बालवाडी. उथळ, कोमट, नव्याने भिजलेल्या जमिनीवर खाणं भरपूर आणि मोठे शत्रू कमी. अंडी तिथे फुटतात, पोरं तिथे वाढतात आणि पाणी ओसरताना नदीत उतरतात. निदान उतरायला हवीत.

हे इंग्रजांच्या लक्षात आलं होतं बरं का. दक्षिण कानड्याचा कलेक्टर एच. एस. थॉमस याने १८७० मध्येच मत्स्यपालनावर अहवाल लिहिला, आणि फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने, जो पुढे भारतातल्या माशांवरच्या सगळ्यात मोठ्या ग्रंथाचा कर्ता झाला, १८७३ मध्ये गोड्या पाण्यातल्या माशांचा देशभरचा अहवाल दिला. दोघांचाही सूर एकच. शेतात चढलेली आणि अडकलेली पोरं बारीक जाळ्यांनी आणि सापळ्यांनी संपवली जातात. यातून १८९७ चा मत्स्य कायदा आला. त्याने सुरुंग लावून आणि विष टाकून मासे मारायला बंदी केली आणि प्रांतांना सापळे, बंधारे आणि जाळ्याची वीण यांवर नियम करायची मुभा दिली. चढणीचे मासे मारू नयेत असं आजही दर जूनमध्ये कुणीतरी सांगतं आणि दर जूनमध्ये ते बाजारात असतात. मीही खाल्लेत, चवीला अप्रतिम लागतात, आणि तरीही त्या मासेमारीवर थोडे दिवस बंदी असावी असं माझं मत आहे.

नदी म्हणजे दोन काठांमधलं पाणी, बाहेर आलं तर पूर, आणि पूर म्हणजे संकट, ही आपल्या पाठ्यपुस्तकांची नदी. १९८९ मध्ये युंक, बेली आणि स्पार्क्स या तिघांनी ॲमेझॉनसारख्या नद्यांवरून वेगळं चित्र मांडलं. पुराचं पाणी काठाबाहेरच्या सखल जमिनीवर पसरणं आणि परत येणं हा नदीचा श्वास आहे, आणि नदीतल्या माशांचं उत्पादन मुख्यतः त्या श्वासावर चालतं. बांधांनी नदी काठातच कोंडली तर पाणी तेवढंच राहील, मासे नाही. चणक, म्हणजे रायगडचा जिताडा, हे याचं उत्तम उदाहरण. अंडी खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात, पोरं भरतीबरोबर आत, मग दलदलीत, खाजणात, पुराच्या डबक्यांत वाढतात. वर कडी म्हणजे तो आधी नर असतो आणि वय वाढल्यावर मादी होतो. मोठे मासे मारले की माद्याच जातात. आत यायचं दार बंद केलं की पुढचे नरही नाहीत.

आता दाराच्या मालकीकडे परत येतो. गोव्यात १९६१ नंतर गावकऱ्यांचा कारभार ढिला झाला. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने जमीन कसणाऱ्याची झाली, जे न्यायाचंच होतं. पण बांध आणि मानस कुणाची हा प्रश्न कूळसंघांकडे गेला. त्याच सुमारास कोळंबी परदेशी जायला लागली आणि भाव चढले. जेनेट रुबिनॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००१ मध्ये यावर लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं गुलाबी सोनं. मानशीचा लिलाव भातापेक्षा महाग झाला. मग दार उघडंच ठेवा, बांध फुटला तर फुटू दे, शेतात खारं पाणी शिरलं तर तळं होईल, तळ्यात कोळंबी होईल. भात गेलं. आणि सारखं उघडं असलेलं दार पाण्याच्या जोराने आजूबाजूचा बांधही खातं. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरच्या व्यापारी कोळंबी तलावांना चाप लावला, पण पारंपरिक पद्धती वगळल्या. २०११ च्या किनारा नियमनात गोव्याच्या खाजणांचा वेगळा उल्लेख आला.

महाराष्ट्रात चूक उलट्या दिशेने झाली असं मला वाटतं. १९४८ चा मुंबई खारभूमी कायदा, मग १९७९ चा महाराष्ट्राचा. उद्देश स्पष्ट, समुद्राचं पाणी बाहेर ठेवा आणि जमीन पिकाखाली आणा. भुकेचे दिवस होते, त्यामुळे उद्देशाला नावं ठेवणार नाही. पण त्या चौकटीत दाराला एकच काम उरलं. खारं पाणी आत आलं म्हणजे योजना नापास. कापणीनंतर फळी उचलायला हवी, ते पाणी कुणाला तरी हवं आहे, असा रकानाच नाही. गोव्यात दार उघडं राहिलं म्हणून भात मेलं, इथे बंद राहिलं म्हणून बालवाडी बंद झाली. आणि बालवाडी बंद झाल्याचा परिणाम खाजणात दिसत नाही, तो काही महिन्यांनी समुद्रात दिसतो, शिरोड्याच्या रापणीत, जिथे कुणी त्याचा संबंध दाराशी जोडत नाही.

तुम्ही म्हणाल, आता कोळंबीचं बी विकत मिळतं. मिळतं. २००९ पासून परदेशी वनामी कोळंबीला आपल्याकडे परवानगी आहे, प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून पिल्लं येतात, भरतीची वाट बघायला नको. फुजिनागाचं तंत्र इथवर आलं. पण पिशवीतलं बी तलावात जातं, समुद्रात नाही. शेवटे, चणक आणि आपली देशी कोळंबी यांची पोरं अजून जुन्याच रस्त्याने येतात.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरच्या नद्यांना अशीच पुराची दारं आहेत, शेतं वाचवायला बसवलेली. तिथे मासे घटल्यावर काही ठिकाणी दारं ठराविक काळ उघडायला सुरुवात केली. शिवाय आता तरंगत्या गोळ्यावर चालणारी दारं निघाली आहेत. भरती सुरू झाली तरी ती लगेच मिटत नाहीत, पाणी ठरलेल्या उंचीला पोचलं की मगच. भरतीच्या सुरुवातीचं पाणी आत, शेत बुडवणारं शेवटचं पाणी बाहेर. मी त्याचं रेखाचित्र मामाला मोबाईलवर दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं, मग विचारलं की गोळा सुटला तर दार कोण लावतलो, आणि माणूस ठेवायचाच असेल तर मग गोळा कित्याक.